सायकलला सामानाचा ट्रेलर: गोव्यात सुरुवात करणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या बहुतेक गावांत बाजार, गिरण, पंचायत, नर्सरी आणि बसथांबा ही ठिकाणे घरापासून दोन ते सहा किलोमीटरांच्या टापूत असतात आणि एवढे अंतर सायकलने कापणे निरोगी माणसाला अवघड नाही. स्कूटर किंवा मोटार बाहेर काढावी लागते ती परतताना सोबत येणाऱ्या ओझ्यामुळे. २५ किलोंची तांदळाची गोण, डझन-दोन डझन नारळ, पाण्याचा २० लिटरांचा कॅन, पावसाळ्यापूर्वीच्या पुरुमेंताची, म्हणजे साठवणीची, मिरची, कांदे आणि सोलां (आमसुले), चतुर्थीच्या आदल्या दिवसांत माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचे) सामान हे सगळे सायकलवर कसे आणायचे, असा प्रश्न पडतो. हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवल्या की सायकल नीट वळत नाही आणि कॅरिअरवर उंच ओझे बांधले की ती स्टँडवर लावतानाच कलंडते. मागे जोडायचा सामानाचा ट्रेलर ही अडचण दूर करतो, कारण त्यात ओझे जमिनीलगत राहते, त्याचा बहुतेक भार ट्रेलरच्याच चाकांवर पडतो आणि सायकलचा तोल सांभाळण्याची रीत फारशी बदलत नाही.

सायकलवरून माल नेणे गोव्याला नवीन नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, आजही सकाळ-संध्याकाळ भोंपू वाजवत, कॅरिअरवरच्या भल्यामोठ्या पाटीत उंडे, पोई आणि काकणे असे पावाचे प्रकार घेऊन वाड्यावाड्यांतून फिरतो, आणि ज्या सफाईने तो अरुंद वाटेवर सायकल वळवतो ती पाहून नवख्याने पुष्कळ शिकावे. पाव आकाराने मोठा पण वजनाने हलका असल्यामुळे त्याला पाटी पुरते. तांदूळ, नारळ आणि पाणी यांसाठी मात्र वेगळी चाके लागतात.

ट्रेलर घ्यायचा ठरवल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा ट्रेलरच शोधू लागतात. माझ्या मते तो क्रम उलटा आहे. आधी आपला रस्ता पाहावा, मग सायकलचे ब्रेक पाहावेत आणि त्यानंतरच ट्रेलरकडे वळावे. याचे कारण साध्या हिशेबात सापडते. समजा, ट्रेलर १० किलोंचा आहे आणि त्यात ३० किलोंचे सामान आहे. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १२ किलोमीटर वेगाने हे ४० किलो ओढायला साधारण १५ वॅट जास्तीची शक्ती लागते, जी फारशी जाणवत नाही. तोच ट्रेलर १०० मीटर अंतरात ५ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १० किलोमीटरने ओढायचा झाला, तर ६० वॅटहून अधिक शक्ती केवळ त्याच्यासाठी खर्च होते. रोजचा सराव नसलेला माणूस बराच वेळ सलग देऊ शकतो ती शक्ती साधारण ७५ ते १०० वॅट असते. उतारावर याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. चालक ६५ किलोंचा आणि सायकल १८ किलोंची धरली, तर ८३ किलोंच्या जागी आता १२३ किलो थांबवायचे असतात आणि ब्रेकची पकड तेवढीच असेल तर थांबायला सुमारे दीडपट अंतर लागते. ओढण्याची शक्ती पायांत हळूहळू येते. थांबण्याची सोय मात्र पहिल्या दिवसापासून पुरी असावी लागते.

रस्ता निवडणे

गोव्याची जमीन या कामाला एका अर्थाने फार अनुकूल आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या तालुक्यांत नदीकाठचे व खाजनांच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनींच्या) कडेचे रस्ते मैलोगणती जवळपास सपाट आहेत. पणजीहून रायबंदरला जाणारा, १६३३-३४ च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधलेला बांधरस्ता हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. सुमारे तीन किलोमीटर अंतरात त्यावर चढ असा नाहीच. पण नदीकाठ सोडून जांभ्याच्या सड्यावर चढणारा प्रत्येक रस्ता थोडक्या अंतरात बरीच उंची गाठतो. मांडवी पूल ओलांडल्यावरचा पर्वरीचा चढ, पणजीतले आल्तिनो किंवा फोंड्याकडची फर्मागुडी येथे भरलेला ट्रेलर नेणे नवख्याचे काम नव्हे. पणजीचा अटल सेतू दुचाकींसाठी बंद आहे, हेही मार्ग ठरवताना लक्षात ठेवावे.

म्हणून ठरलेल्या मार्गावर आधी एकदा रिकाम्या सायकलने, घाई नसताना जावे आणि चार गोष्टी पाहाव्यात: चढ कोठे आहे आणि उतरून सायकल ढकलायला कडेला जागा आहे का, गतिरोधक किती उभे आहेत, डांबराची कड कोठे तुटून खाली गेली आहे, आणि मोऱ्या व छोटे पूल किती अरुंद आहेत. दोन किलोमीटरांच्या चढाच्या वाटेपेक्षा साडेतीन किलोमीटरांची सपाट वाट ट्रेलरसाठी नेहमीच जवळची ठरते. खाजनाच्या बांधावरून जाणाऱ्या वाटा मोहात पाडतात, परंतु बांधाची माती पावसात निसरडी होते आणि मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ) वाट इतकी अरुंद होते की ट्रेलरचे एक चाक काठाबाहेर जाऊ शकते. अशी वाट उन्हाळ्यात पायी मोजून मगच वापरावी. राष्ट्रीय महामार्ग शक्य तेथे टाळावा आणि ओलांडावा लागलाच तर सिग्नलवर किंवा भुयारी मार्गानेच ओलांडावा.

सायकलची तयारी

जुन्या पद्धतीच्या उंच काळ्या सायकली मजबूत असतात, त्यांचा मागचा ऍक्सलही (चाकाच्या मधून जाणारा दांडाही) भक्कम असतो, परंतु त्यांचे दांड्यांचे ब्रेक लोखंडी रिमवर घासतात आणि रिम भिजली की त्यांची पकड फार कमी होते. गोव्यासारख्या पावसाच्या प्रदेशात अशा सायकलला भरलेला ट्रेलर जोडायचा असेल, तर तो कोरड्या महिन्यांत आणि पूर्ण सपाट रस्त्यावरच वापरावा. ऍल्युमिनियमची रिम असलेली व्ही-ब्रेकची सायकल किंवा डिस्क ब्रेकची सायकल या कामाला अधिक योग्य आहे. ब्रेक-शूवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर ते बदलावेत, केबल कोठे उसवली आहे का ते पाहावे आणि ब्रेकचे लिव्हर दाबल्यावर ते हँडलला टेकत नाहीत याची खात्री करावी.

गिअर नसलेल्या सायकलचे मागचे फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ते मागचे दातेरी चक्र, बहुधा १८ दात्यांचे असते. ते काढून २० किंवा २२ दात्यांचे बसवले की सुरुवातीचा जोर बराच कमी लागतो, आणि हे काम कोणताही सायकल मेस्त्री करतो. चेनमध्ये एखादी कडी वाढवावी लागेल एवढेच. मागच्या चाकाच्या तारा बोटाने दाबून पाहाव्यात. एखादी ढिली लागली तर चाक आधी नीट करून घ्यावे, कारण ट्रेलरचे हिसके त्याच चाकाला बसतात.

कोणता ट्रेलर

ट्रेलर दोन प्रकारचे असतात. एकचाकी ट्रेलर सायकलच्या मागच्या ऍक्सलला दोन्ही बाजूंनी धरतो, सायकलबरोबर झुकतो, अरुंद वाटेवरून सहज जातो आणि लांबच्या प्रवासाला उत्तम असतो; पण त्याचे ओझे चालकालाच तोलून धरावे लागते आणि त्याची मर्यादा साधारण ३० किलोंपर्यंत असते. दोन चाकांचा ट्रेलर स्वतःच्या चाकांवर उभा राहतो, सायकलपासून सोडून बाजारात हातगाड्यासारखा ढकलता येतो आणि चांगल्या बनावटीचा असेल तर ४५ किलोंपर्यंत ओझे घेतो. बाजारहाटासाठी दोन चाकांचाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सीटच्या दांड्याला अडकवायचे हलके ट्रेलरही मिळतात. ते भाजीपाल्याला पुरतात, परंतु जोड उंचावर असल्यामुळे जड ओझ्याचा धक्का सायकलला वरच्या बाजूने बसतो आणि वळणावर ती अस्थिर होते. कॅरिअरला दोरीने गाडा बांधण्याचा प्रयोग तर करूच नये, कारण कॅरिअरच्या पातळ काड्या वरून येणाऱ्या वजनासाठी केलेल्या असतात, मागे ओढणाऱ्या जोरासाठी नव्हे.

तयार ट्रेलर सायकलच्या सर्वसाधारण दुकानात क्वचितच दिसतो. परदेशी बनावटीचा मागवता येतो, पण तो महाग पडतो. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेणे हा अधिक व्यवहार्य मार्ग आहे आणि त्यासाठी मेस्त्रीला नेमके काय सांगायचे हे माहीत असावे.

सांगाडा २० मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी नळीचा, सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा करावा; त्याहून जाड नळी घेतली की ट्रेलर रिकामाच १५ किलोंवर जातो आणि ते वजन प्रत्येक फेरीत ओढावे लागते. चाके लहान मुलांच्या सायकलची २० इंची घ्यावीत. १६ इंची चाके स्वस्त आणि आटोपशीर असतात, पण आपल्याकडच्या खड्ड्यांत ती जास्त आपटतात. येथे एक गोष्ट मेस्त्रीला ठामपणे सांगावी लागते: सायकलच्या चाकाचा ऍक्सल दोन्ही बाजूंनी आधार मिळेल असाच बनवलेला असतो. चाक एका बाजूने पत्र्याला बोल्ट करून ठेवले तर ऍक्सल थोड्याच दिवसांत वाकतो. म्हणून प्रत्येक चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना नळी हवी.

ओझे ठेवायचा तळ दोन चाकांच्या मध्ये, शक्यतो ऍक्सलच्या पातळीवर किंवा त्याहून थोडा खाली घ्यावा. भाजी-मासळीचे प्लास्टिकचे क्रेट साधारण ६० बाय ४० सेंटिमीटर मापाचे असतात. तळ त्या मापात बसेल असा केला की क्रेट ठेवता-काढता येतो आणि वेगळी पेटी करावी लागत नाही. दोन चाकांमधले अंतर ६५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवावे. बाहेरच्या नळ्यांसह एकूण रुंदी ८० सेंटिमीटरच्या आत राहिली पाहिजे, आणि काम देण्यापूर्वी घराच्या फाटकाची रुंदीही मोजून घ्यावी. नळ्यांची उघडी तोंडे बंद करून घ्यावीत, आधी रेड ऑक्साइडचा आणि मग ऑइल पेंटचा हात द्यावा. खाऱ्या हवेत उघडे लोखंड एका पावसाळ्यात गंजते.

जोड

सगळ्या ट्रेलरमध्ये सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून यावर वेळ आणि पैसे खर्च करावेत. ट्रेलरचा ओढदांडा तळाच्या डाव्या बाजूने निघून सायकलच्या मागच्या चाकाच्या डावीकडून ऍक्सलपर्यंत यावा, कारण उजवीकडे चेन आणि फ्रीव्हील असते. दांड्याला असा बाक द्यावा की ट्रेलर सायकलच्या बरोबर मागे चालेल. ऍक्सलवर चार-पाच मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी, फ्रेम आणि नट यांच्या मध्ये, म्हणजे फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला बसते. पट्टी बसवल्यावर नट पूर्ण आट्यांवर चढला पाहिजे आणि ऍक्सलचे टोक नटाबाहेर दिसले पाहिजे. तसे होत नसेल तर लांब ऍक्सल टाकून घ्यावा. सायकलचा स्टँड आणि मडगार्डच्या काड्या याच ऍक्सलवर असतात, त्यामुळे जागा कमी पडण्याचा प्रश्न बहुधा येतोच. झटक्यात उघडणाऱ्या लिव्हरच्या किंवा जाड पोकळ ऍक्सलच्या आधुनिक सायकलींना मात्र त्यांच्याच मापाचा जोड घ्यावा लागतो. तेथे साधी पट्टी ठोकून बसवू नये. मागे डाव्या बाजूला डिस्क ब्रेक असेल तर पट्टी त्याच्या कॅलिपरला (चकती दाबणाऱ्या भागाला) घासत नाही ना, हे चाक फिरवून पाहावे.

पट्टी आणि दांडा यांच्यामधला सांधा तिन्ही दिशांनी हलला पाहिजे: खड्ड्यात वर-खाली, वळणावर डावी-उजवीकडे, आणि सायकल झुकली तरी ट्रेलर सरळ राहावा म्हणून पिळासारखा गोल. नुसता बोल्ट आणि भोक ठेवले तर तिसरी हालचाल होत नाही आणि त्याचा सगळा ताण ऍक्सलवर जातो. यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारे रॉड-एंड बेअरिंग या कामाला उत्तम आहे. जाड, कापडाचे थर असलेल्या रबरी होजचा तुकडा दोन्ही टोकांना बोल्टने पक्का करूनही चांगला सांधा होतो, पण त्याला भेगा पडल्या आहेत का ते दर महिन्याला पाहावे लागते.

सांधा कितीही भक्कम असला तरी त्याला जोडीला सुरक्षापट्टा हवाच. नायलॉनचा रुंद पट्टा दांड्याला कायमचा बांधून फ्रेमच्या खालच्या मागच्या नळीभोवती गुंडाळून अडकवावा. तो इतका आखूड असावा की सुटला तरी तारांत जाणार नाही. जोडणी पूर्ण झाल्यावर सायकल दोन्ही बाजूंना झुकवून, ट्रेलर दोन्हीकडे काटकोनात वळवून पाहावा. दांडा टायरला लागत असेल किंवा पेडल मारताना टाच दांड्यावर आपटत असेल तर तो पुन्हा वाकवून घ्यावा.

ओझे भरणे

एकूण वजनाचा साधारण पाच ते दहा टक्के भार जोडावर आला पाहिजे. ट्रेलर व सामान मिळून ४० किलो असतील तर दांड्याचे टोक उचलताना दोन ते चार किलो वजन जाणवावे. बॅगा तोलायचा हातातला काटा त्या टोकाला अडकवला की हे नेमके कळते. भार मागे गेला तर दांडा सायकलचे मागचे चाक वर उचलू पाहतो, त्याची पकड कमी होते आणि ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो. भार फार पुढे आला तर ऍक्सल आणि तारांवर विनाकारण ताण येतो. म्हणून सर्वांत जड वस्तू चाकांच्या ऍक्सलच्या किंचित पुढे, तळाशी आणि बरोबर मध्यभागी ठेवावी. हलक्या वस्तू वर व मागे ठेवाव्यात. एका बाजूला नारळ आणि दुसऱ्या बाजूला पालेभाजी असे भरले तर वळणावर ट्रेलर जड बाजूकडे कलंडतो.

सामान हलता कामा नये. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या उभ्या चिरून केलेल्या लांब पट्ट्या यासाठी विकतच्या कोणत्याही पट्ट्यापेक्षा चांगल्या, आणि त्या फुकट मिळतात. सुंभाची दोरी भिजली की ताणात फरक पडतो, म्हणून ती केवळ जोडीला वापरावी. सैल टोके चाकापासून दूर बांधावीत.

काही सामानाला वेगळी काळजी लागते. अर्धा भरलेला पाण्याचा कॅन वळणावर हिंदकळतो, म्हणून कॅन भरलेलाच न्यावा. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोंचा असतो. तो उभाच, मध्यभागी, दोन उंचींवर बांधून आणि झाकण लावून न्यावा, आणि सोबत दुसरे काही जड घेऊ नये. मासळी बर्फासह झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि विरघळलेले पाणी साठू नये म्हणून डब्याला खाली भोक असावे. तेच पाणी ट्रेलरच्या सांध्यावर पडू देऊ नये, कारण ते खारट असते. माटोळीची नाजूक फळे, सुपारीचे घोस आणि रोपे यांच्यासाठी तळाशी गोणपाटाची घडी पुरते. सामानाच्या ट्रेलरमध्ये मुलांना कधीही बसवू नये. त्यांच्यासाठी पट्टे, छत आणि संरक्षक चौकट असलेले वेगळे ट्रेलर असतात.

चालवायला शिकणे

पहिला सराव रिकाम्या ट्रेलरने एखाद्या मोकळ्या मैदानावर किंवा पहाटेच्या निवांत रस्त्यावर करावा. दहा किलोंचे ओझे, मग वीस, असे वाढवत जावे. रिकामा ट्रेलर खड्ड्यात उड्या मारतो आणि आवाज करतो, त्यामुळे तो बिघडला असे वाटते. थोडे वजन ठेवले की तो शांत होतो.

वळताना ट्रेलर सायकलच्या चाकोरीच्या आतून जातो. डावीकडे वळताना कोपऱ्यावरचा दगड, गटाराची कड किंवा उभी स्कूटर ट्रेलरच्या डाव्या चाकाला लागू शकते, म्हणून थोडे पुढे जाऊन मग वळावे. दोन चाकांचा ट्रेलर झुकत नसल्याने वेगात वळल्यास आतले चाक उचलले जाते. वळणावर माणसाच्या धावण्याइतकाच वेग ठेवावा. सरळ रस्त्यावर सायकल डांबराच्या कडेपासून सुमारे एक मीटर आत चालवावी, कारण ट्रेलरचे डावे चाक सायकलच्या रेषेपासून पस्तीस-चाळीस सेंटिमीटर डावीकडे असते आणि कड तुटलेल्या जागी ते खाली गेले तर ट्रेलर उलटतो. मागून हॉर्न वाजला म्हणून गडबडीने कडेला सरकू नये. सरळ चालत राहावे आणि रुंद जागा आली की वाट द्यावी.

गतिरोधक नेहमी सरळ रेषेत, दोन्ही चाके एकाच वेळी चढतील असे ओलांडावेत. तिरके गेले तर एक चाक वर आणि एक खाली, अशी ट्रेलर उलटण्याची सर्वांत सोपी स्थिती तयार होते.

उतारावर ट्रेलर मागून ढकलतो. वेग वाढल्यावर ब्रेक लावण्यापेक्षा उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करावा आणि खालपर्यंत ताशी १५ किलोमीटरच्या आत ठेवावा. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत लावावेत. वळणाच्या आत जोरात ब्रेक मारल्यास ट्रेलर सायकलच्या मागच्या चाकाला बाजूला ढकलतो आणि दोन्ही मिळून कात्रीसारखी मिटतात, म्हणून सायकल सरळ असतानाच वेग उतरवावा. उतार फार उभा असेल तर उतरून, दोन्ही ब्रेक हातात धरून चालत जावे. त्यात कमीपणा मानू नये.

थांबल्यावर स्टँडवर विसंबून राहू नये. पुढचा ब्रेक लिव्हर रबराच्या पट्टीने हँडलला घट्ट बांधला की सायकल पुढे सरकत नाही. चाकाला एक दगड लावला तर आणखी बरे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारख्या गर्दीत ट्रेलर सायकलपासून सोडून हाताने नेणे सोयीचे पडते, पण सकाळी लवकर गेले तर तशी वेळच येत नाही.

दिसणे फार गरजेचे आहे. ट्रेलर खाली असल्यामुळे मोटारचालकाच्या नजरेत येत नाही आणि सायकलचा मागचा दिवाही त्याने झाकला जातो. ट्रेलरच्या मागे उजव्या कडेला लाल दिवा, दोन्ही कोपऱ्यांना परावर्तक पट्टी आणि दीड मीटर उंचीच्या काठीवर नारिंगी झेंडा लावावा. भारतात सायकल मोटार वाहनात मोडत नसल्याने नोंदणी किंवा परवाना लागत नाही, म्हणून ही काळजी घेण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली आहे.

फेरीबोटीवर

रायबंदर–चोडण, जुने गोवे–दिवाडी किंवा केरी–तेरेखोल अशा मार्गांवर फेरीबोट हा सायकलस्वाराचा मोठा आधार आहे. पुलाचा लांब वळसा आणि चढ दोन्ही वाचतात. धक्क्याचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. ओहोटीला बोट खाली असते, उतार जास्त असतो आणि पाण्यातून उघडा पडलेला भाग शेवाळाने निसरडा झालेला असतो. तेथे कधीही सायकलवर बसून जाऊ नये. मोटारी आणि स्कूटर चढेपर्यंत थांबावे, मग दोन्ही ब्रेकवर बोटे ठेवून सावकाश चालत जावे. लोखंडी पाटा आणि धक्का यांच्यातल्या फटीवरून ट्रेलरची चाके एकदमच जाऊ द्यावीत. बोटीत ट्रेलर कठड्याच्या बाजूला, ब्रेक बांधून ठेवावा आणि कर्मचारी सांगतील तेथे हलवावा. उतरताना भरलेला ट्रेलर चढ चढवायचा असतो; सोबत कोणी असेल तर त्याला मागून हात लावायला सांगावे.

पावसाळा आणि देखभाल

जून ते सप्टेंबर या काळात ओझे निम्मे करावे आणि वेगही कमी ठेवावा. रस्त्यावर साचलेल्या पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, म्हणून त्यातून जाण्यापेक्षा थांबून उतरावे. सामानावर ताडपत्री अशी बांधावी की तिचा पुढचा काठ वाऱ्याने फुगणार नाही, आणि तळ फळीचा असेल तर पाणी जायला भोके पाडावीत.

पावसाआधी आणि पावसानंतर ट्रेलरच्या दोन्ही हबमधले छर्रे काढून, पुसून नवे ग्रीस भरावे. दर आठवड्याला ऍक्सलचे नट, जोडाचा बोल्ट आणि पट्टा हाताने हलवून पाहावेत. वेल्डिंगच्या जागी रंगाला बारीक भेग दिसली तर तिच्याखाली लोखंडालाही भेग असण्याची शक्यता असते, म्हणून ओझे भरण्याआधी ती दाखवून घ्यावी. हवा टायरच्या कडेवर लिहिलेल्या दाबाइतकी भरावी, दोन्ही चाकांत सारखी.

एक दिवसाची सहल

बाजारहाटाचा हात बसल्यावर पहिली सहल म्हणून पणजीहून रायबंदरमार्गे जुने गोवे, तेथून फेरीने दिवाडी आणि पलीकडच्या फेरीने नार्वे हा मार्ग मी सुचवीन. जुने गोवेपर्यंत रस्ता नदीच्या कडेने जातो. दिवाडीवर शेतांमधून जाणारा रस्ता शांत आहे. पिएदादच्या टेकडीवरचे चर्च पाहायचे असेल तर ट्रेलर पायथ्याशी कोणाच्या तरी अंगणात विचारून ठेवावा. नार्व्याला सप्तकोटेश्वराचे मंदिर आहे, ज्याचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी करवला. मूळ देवस्थान दिवाडीवरच होते, त्यामुळे हा जलमार्ग ओलांडताना त्या इतिहासाची वाट आपण प्रत्यक्ष चालत असतो.

सहलीसाठी ट्रेलरमध्ये १५ किलोंहून अधिक काही लागत नाही. माणशी तीन लिटर पाणी, जेवण, ताडपत्री, पंप, पंक्चरचे सामान, १५ नंबरचा पाना आणि ट्यूब घ्याव्यात. ट्रेलरच्या चाकाची ट्यूब सायकलच्या ट्यूबपेक्षा वेगळ्या मापाची असते आणि गावातल्या दुकानात ती मिळेलच असे नाही, म्हणून २० इंची ट्यूब सोबत असलीच पाहिजे. मार्च ते मे या महिन्यांत पहाटे निघून अकराच्या आत सावलीला पोहोचावे. परतीच्या फेरीची शेवटची वेळ जातानाच धक्क्यावर विचारून घ्यावी, कारण ती चुकली तर भरलेला ट्रेलर घेऊन पुलाचा लांबचा वळसा अंधारात घालावा लागतो.